लार्चचं बाळंतपण

सूक्ष्मदर्शकाखालचा शेंडा हिरवागार होता, आणि तेच वाईट होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर लार्चच्या रोपाचा शेंडा हिरवा असता कामा नये. तोवर त्याने वाढ थांबवलेली हवी, टोकाशी तपकिरी खवल्यांची घट्ट कळी बांधलेली हवी, पेशींतलं पाणी कमी करून साखर वाढवलेली हवी. अशी तयारी करून बसलेलं लार्च उणे पन्नास अंशांतही मरत नाही. देवदार-पाइनच्या कुळातलं असूनही ते दर हिवाळ्यात पानं गाळतं आणि वसंतात पुन्हा कोवळ्या सुयांनी भरून येतं. पण हा शेंडा डॉ. निर्झरा थळेने कडाक्याच्या थंडीच्या आदल्या दिवशी कापून ठेवला होता, आणि त्यात कसलीच तयारी दिसत नव्हती. जणू पुढे हिवाळा आहे हे त्या रोपाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याची एक्केचाळीस हजार भावंडं समोरच्या उतारावर काळी पडली होती. सलग तिसऱ्या वर्षी.

"आई, माझं कपाळ बघ ना." टेबलाखालून आवाज आला.

निर्झरा दचकून खाली वाकली. सहा वर्षांची ओजस्वी चित्रकलेच्या वहीवर पालथी पडली होती. कपाळाला नुसता निळा रंग लागला होता. तरीही निर्झराने हात लावून पाहिलाच. कपाळ गार होतं. श्वास शांत होता. तिने सवयीने पाच श्वास मोजले आणि मगच ती सरळ झाली.

ओजू आठ महिन्यांची असताना समुद्र खारवाडीत शिरला होता. गाव उठवून पत्र्याच्या छावणीत नेलं, तिथे तीन दिवस वीज नव्हती आणि पारा एकोणपन्नासवर होता. तिसऱ्या दिवशी ओजूला झटके आले. बर्फाच्या लादीवर ठेवून तिला वाचवलं तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं, "हिच्या शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नाही. असा उन्हाळा पुन्हा लागला तर मी नाही वाचवू शकणार. कुणीच नाही." पुढे विस्थापित गावाला हिमालयातलं हे नव्यानं उघडं पडलेलं लुंगसर खोरं मिळालं, एकोणचाळीसशे मीटर उंचीवरचं. लोक थंडीच्या नावाने रडत चढले. निर्झरा मात्र दर घाटाला पोरीच्या कपाळाला हात लावत, हलकी होत चढली होती.

दार ढकलून अंगरूप आत आले. ते याच खोऱ्याच्या पलीकडचे, पुण्यात शिकलेले, जमिनीचे अभियंते. मराठी अस्खलित बोलत, फक्त घाईत असले की क्रियापद विसरत.

"सरकारी समितीचं पत्र आलं?" निर्झराने विचारलं.

"आलं." त्यांनी टोपी काढली. "उतारावर बसवायला शीतनळ्या तयार. पंधरा वर्षं चालतील. पण अट तीच."

ती अट वसाहतीत फक्त या दोघांना ठाऊक होती, आणि पाठ होती. वसाहतीच्या डोक्यावरची पांढरी धार म्हणजे मुळात दगडगोट्यांचा ढीग होता. आतल्या बर्फाने ते गोटे हजारो वर्षं एकमेकांना चिकटवून धरले होते. या बारमाही गोठलेल्या जमिनीला अंगरूप चिरगोठ म्हणत. आता ती वितळू लागली होती. शीतनळ्या जमिनीतली उष्णता ओढून हिवाळी हवेत सोडत, म्हणजे काही काळ बर्फ टिकला असता. पण कायमचा उपाय लार्चच होता. त्याची मुळं खोल न जाता गोठलेल्या थरावर आडवी पसरतात आणि दगड विणून धरतात, उन्हाळ्यात त्याची सावली जमीन गार ठेवते, आणि पानं गळाल्यावर हिवाळ्याची थंडी बिनअडथळा जमिनीपर्यंत पोचते.

"पुढच्या ऑक्टोबरात समिती येईल," अंगरूप म्हणाले. "चाळीस हजार दाणे. कडाक्यात टिकणारं बियाणं, सिद्ध केलेलं. ते दाखवलं तर नळ्या. नाहीतर वसाहत खाली. नळ्यांशिवाय धार दोन उन्हाळे काढेल, तिसरा नाही."

"खाली म्हणजे?"

"मैदानातल्या छावण्या. ताई, तुम्हाला माहीत आहे."

निर्झराने टेबलाखाली पाहिलं. ओजू निळ्या रंगाने एक झाड रंगवत होती.

"बियाणं चुकीचं नाहीये अंगरूपजी. जनुकं तीनदा तपासली. उत्तरेतल्या ज्या जुन्या झाडांची कलमं आपण लावली, त्यांचीच ही पोरं आहेत. आणि ती झाडं उणे पन्नासमध्ये दोनशे वर्षं उभी होती."

"उत्तरेतून पुन्हा मागवायचं?"

"जळून गेलं ते जंगल. आपली दोनशे बारा कलमं म्हणजेच जे काही उरलंय ते."

अंगरूपनी पाठीवरची पेटी उतरवली. "मग हे बघा. मेलेल्यांत फिरत होतो. अकरा जिवंत सापडली."

पेटीत अकरा रोपं होती. शेंडे तपकिरी, घट्ट, डोळे मिटल्यासारखे. तिने पट्ट्यांवरचे क्रमांक वाचले. अकराही रोपांवर आईझाडाचा एकच क्रमांक होता: चौसष्ट.

*

मातृबाग वसाहतीच्या खालच्या अंगाला होती. बियाण्यासाठी राखलेली दोनशे बारा कलमं तिथे रांगेत उभी होती, आणि त्यांचा कारभार द्रौपदीआत्यांकडे. त्या खारवाडीत सुईण होत्या. माडांची वाडी, मिठागर आणि चौदाशे बाळंतपणं, एवढा त्यांचा अनुभव. इथे माड नव्हता नि मीठही नव्हतं, म्हणून त्यांनी झाडं हातात घेतली.

"चौसष्टचं काय विचारतेस?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ती अभागी आहे. तिचं बाळंतपण अर्धंच झालं."

"म्हणजे?"

"उंच गेली ना वेडी! शिडी पोचली नाही. खालच्या फांद्यांना गोधडी बांधली, शेंडा उघडाच राहिला. फुलं करपली वरची. चार बोंडं धरली तेवढी. मी ती वेगळ्या पिशवीत ठेवलेली, पोचट निघतील म्हणून."

निर्झरा जागच्या जागी थांबली.

लार्चला एप्रिलमध्ये फुलं येतात, गुलाबी, अंगठ्याएवढी, आणि तेव्हा इथे रात्रीचा पारा उणे आठवर असतो. पहिल्या वर्षी फुलं आली तेव्हा बायकांनी झाडांची ओटी भरली होती. पहिलटकरणीला वारा लागू द्यायचा नाही, हे खारवाडीचं कुळाचाराइतकं पक्कं होतं. बायकांनी घराघरातल्या गोधड्या आणल्या, कलमांना गुंडाळल्या, खाली शेगड्या ठेवल्या, वर ओव्याची धुरी दिली. एक फूल करपलं नाही. निर्झराने स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. अहवालात तिने लिहिलं होतं: 'स्थानिक पद्धतीने कडाक्यापासून संरक्षण, बीजोत्पादनात नऊपट वाढ.'

"आत्या, गोधड्या किती दिवस ठेवता?"

"बाळंतिणीला सव्वा महिना. पण हिचं बी जूनात धरतं म्हणालीस तूच. म्हणून मी चार महिने ठेवते, जुलै सरेपर्यंत. रोज संध्याकाळी शेगडी. झोपेतसुद्धा निखारे मोजते मी." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं गो बाय? अशी काय बघतेस?"

*

"भ्रूणस्मृती," निर्झरा फळ्यावर लिहीत म्हणाली. अंगरूप स्टुलावर बसले होते, आणि आत्या दाराशी, बोलावलं नसताना. "जनुकं म्हणजे पुस्तक समजा. पण कुठलं पान किती जोरात वाचायचं, याच्या खुणा दाणा धरताना पडतात. आईच्या अंगावर, बोंडाच्या आत, पहिल्या काही आठवड्यांत. तेव्हा जी हवा असेल ती हवा भ्रूण लक्षात ठेवतो. गार असेल तर रोप जन्मभर ऑगस्टमध्येच कळी बांधतं. ऊबदार असेल तर त्याला वाटतं, अजून पुष्कळ उन्हाळा आहे."

"नंतर शिकवता येत नाही? रोप लहान असताना थंडीत ठेवून?"

"नाही. दाणा एकदा पक्का झाला की खुणा पुसत नाहीत. तीन वर्षं आपण काय करत होतो, कळतंय ना? हिमालयात उभं राहून कोकणातली रोपं तयार करत होतो."

अंगरूप स्टुलावरून उठले. "म्हणजे उघडी ठेवायची."

"पूर्ण उघडी ठेवली तर नव्वद टक्के फुलं करपतील. त्यापेक्षा अर्धी झाडं एप्रिल-मेमध्ये झाकायची, म्हणजे फुलं वाचतील. एक जूनला, दाणा धरायच्या वेळेला, गोधड्या काढायच्या. उरलेली अर्धी पहिल्यापासून उघडी. काहीतरी हाती लागेल."

"कलमंच जास्त बांधली तर? उतारावरच लावायची?"

यावर दारातून उत्तर आलं. "कलम बांधायला खाली बीचंच रोप लागतं, अंगरूपभाऊ. एवढं तर आंबेवाल्यालाही ठाऊक." मग आत्या निर्झराकडे वळल्या. "मी मारली काय गो ती सगळी? एक्केचाळीस हजार?"

"तुम्ही नाही आत्या. शाबासकी मी दिली होती."

"मायेनंच केलं ना सगळं?"

"हो, मायेनंच," निर्झरा म्हणाली, आणि तिला त्या शब्दाची विचित्र भीती वाटली.

*

एप्रिलच्या नऊ तारखेला फुलं उमलली. दहा तारखेच्या सकाळी वसाहतीतल्या सगळ्या बायका मातृबागेच्या कुंपणाशी उभ्या होत्या. डाव्या अंगाची एकशे सहा झाडं गोधड्यांत होती. उजव्या अंगाची एकशे सहा उघडी होती, आणि त्यांच्यावरची गुलाबी फुलं एका कडाक्यात चहाच्या चोथ्यासारखी झाली होती.

मग आत्यांची सून शेवंती मागून म्हणाली, "बाळंतिणीला उघड्यावर टाकलं, आता भोगा." ती मोठ्याने म्हणाली नव्हती, पण ऐकू जाईल इतपत म्हणाली होती.

आत्या गर्रकन वळल्या. "तोंड आवर. शहाण्या माणसानं सांगितलंय. तुझ्यापेक्षा दोन बुकं जास्त शिकलीय ती."

"शिकलीय ना? मग तीन वर्षं टाळ्या का वाजवत होती?"

निर्झरा रांगेतून चालत एकेक फूल उलटून पाहत होती. करपलं. करपलं. करपलं. सातव्या झाडावर, खोडाला चिकटून, एक गुलाबीच राहिलेलं फूल सापडलं. तिने त्याला हात लावला नाही. हाताची ऊबही आता नको वाटत होती.

जूनच्या एक तारखेला गोधड्या निघाल्या. झाकलेली झाडं हिरव्या बोंडांनी लगडली होती, एकेका झाडावर चाळीस-चाळीस. बायकांचे चेहरे उजळले. शेवंतीने स्वतःहून निर्झराला चहा आणून दिला आणि "तेव्हा जरा बोलले मी," एवढं पुटपुटली. अंगरूपनी मोजदाद केली: झाकलेल्या झाडांवर साडेचार हजार बोंडं, उघड्या झाडांवर सत्तावीस. एका बोंडात वीस दाणे धरले तरी नव्वद हजार होणार होते. चाळीस हजारांची अट होती.

त्या उन्हाळ्यात निर्झराने कित्येक वर्षांनी ओजूच्या केसांना तेल लावताना गाणं म्हटलं.

*

बोंडं सप्टेंबरात उतरवली आणि सुकवणघरात पसरली. सुकवणघर म्हणजे दगडी खोली, आत पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा. त्या उष्णतेने बोंडांचे खवले उघडतात आणि दाणे गळून पडतात. दोन दिवसांनी आत्यांनी दाण्यांचं पहिलं घमेलं बाहेर आणलं. खारवाडीला भाताचं बी पारखायचे तसंच इथे पारखायचं होतं: पाण्यात टाकायचं. भरलेला दाणा बुडतो, पोचट तरंगतो.

निर्झराने मूठभर दाणे टाकले. सगळे तरंगले.

"पाणी ढवळ," आत्या म्हणाल्या.

ढवळलं. तरंगले. दुसरं घमेलं, तिसरं घमेलं. अंगरूपनी सुरीने दाणे उभे कापायला सुरुवात केली. शंभर कापले. प्रत्येकाच्या आत गर असायला हवा होता तिथे हवा होती, आणि कडेला एक सुकलेला तपकिरी ठिपका.

"धरले होते," निर्झरा कोरड्या आवाजात म्हणाली. "हा ठिपका भ्रूण आहे. ऊबेमुळे जूनच्या आधीच धरला, आठवडाभर वाढला, आणि मग आपण एका रात्रीत गोधडी काढली. ज्या हवेचा तो होऊ लागला होता, तीच हवा आपण काढून घेतली. मध्येच बदल सोसला नाही त्याला."

"सगळेच?" आत्यांनी विचारलं.

"सगळे."

मग उघड्या झाडांच्या सत्तावीस बोंडांची छोटी पिशवी आली. दाणे पाण्यात टाकले. ते खड्यांसारखे बुडले. अंगरूपनी दोनदा मोजले. तीनशे बारा.

आत्या घमेली धुवायला घेऊन गेल्यावर प्रयोगशाळेत दोघंच उरली. ओजू बाहेर अंगणात आत्यांच्या नातीबरोबर, कस्तुरीबरोबर खेळत होती. खिडकीच्या काचेतून तिची पिवळी टोपी वर-खाली होताना दिसत होती.

"अंगरूपजी, जुनं बियाणं कोठारात किती आहे?"

"गोधडीतलं? साठेक हजार. का?"

"दिसायला सारखंच आहे. समिती दाणे मोजेल, कापून बघेल, उगवून बघेल. भ्रूणस्मृतीची चाचणी त्यांच्याकडे नाही. आपल्या सहीवर चालतं सगळं."

अंगरूपनी सुरी पुसून खाली ठेवली.

"पंधरा वर्षं मिळतील." तिचा आवाज चढला. "पंधरा वर्षांत ओजू एकवीस-बावीसची होईल. तोवर काहीतरी सापडेल. तीनशेबाराची झाडं होतील, त्यांना बोंडं येतील..."

"रोपं लावल्यावर पहिल्या सप्टेंबरात काळी. मग नळ्या काढून नेतील."

"दोन वर्षं तर मिळतील!"

"ताई, नळ्यांची एकच खेप आहे. आपल्यामागे रांगेत थाची नावाची वसाहत आहे. त्यांचं बियाणं खरं आहे, ते माझं गाव आहे, तिथे माझी दोन पोरं आहेत. हे मी वर्षभर तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला तुम्ही खऱ्या बियाण्यावर जिंकायला हव्या होतात." त्यांनी टोपी चुरगळली. "तुम्ही सही केलीत तर मी अडवणार नाही. फक्त माझी सही मागू नका."

बाहेर ओजू खदखदून हसली. निर्झराने प्रमाणपत्राचा कोरा कागद पुढे ओढला होता. तिने आकड्याच्या रकान्यात पेन टेकवलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि लिहिलं: तीनशे बारा.

"दुसरी एखादी थंड जागा?" तिने विचारलं. "ओजूपुरती? माझ्या एकटीच्या मुलीपुरती?"

"विचारलं मी. गेल्या महिन्यातच. विस्थापित गाव एकत्रच हलतं, म्हणाले. वरच्या वसाहतींत एकही माणूस वाढवायची परवानगी नाही. माझ्या घरीसुद्धा ठेवता येणार नाही, तपासणी होते."

ते निघून गेले. कुणालाही काही सांगायचं नाही, परवा सभेत आपणच सांगू, असं दोघांचं ठरलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आल्या त्या कामाच्या वाटपाची वही घेऊन. पण वही न उघडता खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर अवेळी भुरभुर बर्फ पडत होता. ओजू स्वेटर काढून, हात पसरून त्यात उभी होती. कस्तुरी दोन शालींत गुंडाळून पायरीवर कुडकुडत बसली होती.

"गंमत आहे बघ," आत्या म्हणाल्या. "दोघी एकाच महिन्यात जन्मलेल्या. दोघी त्याच पत्र्याखाली होत्या तीन दिवस. माझ्या कस्तुरीला घामोळं आलं फक्त. चाळीस पोरं होती तिथे अंगावरची, एकालाही काही झालं नाही. झालं ते तुझ्या ओजूला."

"तिला जन्मतःच तसं आहे, आत्या."

"जन्मतः म्हणजे कधीपासून?"

निर्झराने मान वर केली.

"मी अडाणी," आत्या म्हणाल्या, "पण कालपासून डोक्यात घोळतंय. बी ज्या हवेत धरतं त्या हवेचं होतं, हे तुझंच बोलणं. कस्तुरी पोटात असताना शेवंती नऊ महिने मिठागरात होती. त्रेचाळीस अंश, पंचेचाळीस अंश. पाटीभर मीठ डोक्यावर. बाकीच्या बायकाही तशाच. तू कुठे होतीस गो?"

निर्झराला ती जागा लख्ख दिसली. जिल्ह्याचं बीजकोठार. जाड भिंती, दोन दारं, आत कायम पंधरा अंश. त्या वर्षी बाहेर माणसं उष्माघाताने मरत होती, आणि पोटात बाळ आहे म्हणून तिने वरिष्ठांना हात जोडून कोठारातलं काम मागून घेतलं होतं. रात्री झोपायलाही आत, पोत्यांच्या शेजारी. नऊ महिने तिने पोटाला उन्हाची झळ लागू दिली नव्हती. लोक म्हणाले होते, नशीबवान आहे पोर.

"माणूस म्हणजे झाड नव्हे," ती म्हणाली.

पण म्हणतानाच तिचं मन हिशेब मांडू लागलं होतं, कारण तिला तेवढं येत होतं. कातडीतली घामाची छिद्रं किती उघडायची, उष्णता निर्माण करणारी चरबी किती साठवायची, रक्त कातडीकडे कधी धाडायचं. या सगळ्या खुणा कधीतरी पडत असणारच. पोटात, पहिल्या काही आठवड्यांत. आणि पक्क्या झाल्या की पुसत नसणार. पोर पंधरा अंशांची झाली होती. ती आठ महिन्यांची असताना तिच्या अंगावरची गोधडी एका रात्रीत निघाली नव्हती, उलट छावणीच्या उन्हाची चढली होती.

बाहेर ओजूने जीभ बाहेर काढून बर्फ झेलला.

"मायेनंच केलं ना," आत्या हळूच म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. निर्झरा रडली नाही. रडलं तर काचेवर वाफ धरेल आणि पिवळी टोपी दिसेनाशी होईल, असं तिला वाटलं.

शेवटी आत्यांनी वही उघडली. "बरं, मी कामासाठी आलेले. शेवंतीला परत दिवस गेलेत. दुसरा महिना. उद्यापासून तिला काम लावून द्यायचंय. दोनच जागा मोकळ्या आहेत. एक सुकवणघर, तिथे भट्टीची धग. एक वरचे वाफे, तिथे हाडं गोठवणारी थंडी." त्यांनी निर्झराकडे पाहिलं. त्यांच्या चौदाशे बाळंतपणं केलेल्या डोळ्यांत आता सुईणीची सावध नजर होती. "एरवी मी विचारलं नसतं. सरळ ऊबेत बसवली असती. पण आता तुझं शास्त्र कळलंय मला. पोर जिथे वाढणार तिथली हवा आधी लागायला हवी. आपण इथेच राहणार असू तर वाफ्यावर पाठवते, सोसेल तेवढं सोसेल. इथेच राहणार ना आपण?"

सभा उद्या होती. अजून एक दिवस निर्झराला काहीही बोलता आलं असतं.

तिने ओजूकडे पाहिलं. अजून एक उन्हाळा, फार तर.

"सुकवणघरात," ती म्हणाली. "भट्टीच्या अगदी जवळ बसवा. झेपेल तेवढंच. पाणी भरपूर द्या, दर तासाला बाहेर काढा. पण रोज बसवा. एक दिवसही चुकवू नका."

आत्यांचं पेन वहीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी शेवंतीचं नाव लिहिलं नाही. त्या सावकाश खिडकीकडे वळल्या, जिथे स्वेटर फेकून दिलेली एक मुलगी दोन्ही हातांनी बर्फ उडवत होती, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.